बाटलीत नुसतं पाणी

नेरुळला आमच्या घराजवळच्या दुकानातून दोन फुटी टाकी घेतली. लेकीचा हट्ट. टाकी, फिल्टर, खडी, चार गोल्डफिश, सगळं मिळून साडेपाच हजार. दुकानदार म्हणाला, "ताई, मासे आजच न्या. या अँटीक्लोरीनचे दहा थेंब टाका, पाणी तयार." पाण्यासारख्याच दिसणाऱ्या औषधाची बाटली, वर लेबल नाही, दीडशे रुपये. मीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवसापासून मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. पाचव्या दिवशी दोन गेले. "पाणी खराब झालंय, मुलगा पाठवतो," असं उत्तर मिळालं. महिना पाचशे, दर आठवड्याला एक फेरी. मुलगा यायचा, अख्खी टाकी रिकामी करायचा, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळायचा. टाकी अगदी आरसा! दोन-तीन दिवसांत एखादा मासा जायचा आणि पुढच्या फेरीत मुलगा नवा घेऊन यायचा, एकशेवीसला एक. चार महिन्यांत अकरा मासे. लेकीने त्यांना नावं ठेवणं सोडून दिलं.

गौडबंगाल उलगडलं ते मामांमुळे. त्यांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. ते म्हणाले, "अगं, क्लोरीन मारायला हायपो लागतो, आम्ही फोटो धुवायला वापरायचो तोच. सोडियम थायोसल्फेट." सोसायटीत पिण्याच्या पाण्यातलं क्लोरीन तपासायची ओटीओची बाटली असते, ती मागून आणली. क्लोरीन असेल तर तिच्या थेंबांनी पाणी पिवळं होतं. नळाच्या पाण्याचे तीन ग्लास भरले. एकात काहीच नाही, एकात दुकानातलं औषध, एकात हायपोचा खडा. वरून ओटीओचे थेंब. पहिले दोन्ही सारखेच पिवळे, तिसरा स्वच्छ. मोरबे धरणाचं नळाला येणारं पाणी आपल्याला प्यायला उत्तम, पण त्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो, तो माशांना विषच. स्पंजवर आणि खडीत वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. ही वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात आणि हा मुलगा ती दर आठवड्याला क्लोरीनच्या पाण्याने धुऊन काढत होता. नव्या माशांचा खप त्यावरच चालायचा. मुलाला हे माहीत नसेल कदाचित. मालकाला नक्की माहीत होतं.

आता मी आठवड्याला पाव टाकीच पाणी बदलते, तेही हायपो घालून. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच हलका पिळते, तोही फिल्टर मंदावला तरच. अमोनियाचं टेस्ट किट घेतलंय, आकडा शून्यच हवा. उरलेले दोन गोल्डफिश सात महिने झाले, धडधाकट आहेत.

बाटली घेऊन दुकानात गेले होते. मालकाने वास घेतल्यासारखं केलं, "ही जुनी झाली असेल ताई," म्हणाला आणि दुसरी पुढे केली. तिच्यावरही लेबल नव्हतं. पैसे परत नाहीत, बिल मी घेतलंच नव्हतं.

काल समोरच्या बिल्डिंगच्या गेटवर तोच मुलगा दिसला. एका हातात बादली, दुसऱ्या हातातल्या पिशवीत दोन नवे गोल्डफिश.