एमटीएक्स आणि टेपचा ऑटोलोडर: जळगावच्या स्टुडिओतला वर्षभराचा अनुभव

सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडेबाजार, श्रावणातली कानबाई, रावेर-यावलकडच्या केळीबागांतल्या मुलाखती, अहिराणी गाणी म्हणणाऱ्या आजीबायांची रेकॉर्डिंग. आमच्या स्टुडिओकडे असलेल्या शूटिंगपैकी पुन्हा करता येईल असं फार थोडं आहे. गाणी म्हणणाऱ्यांपैकी काही जणी आता हयात नाहीत. हार्ड डिस्कच्या चळती वाढत चालल्या होत्या आणि मधूनच एखादी डिस्क बंद पडायची. म्हणून गेल्या वर्षी आम्ही एलटीओ टेपकडे (डेटा साठवायच्या चुंबकीय टेपांचा एक प्रकार) वळलो आणि २४ स्लॉटचा, म्हणजे टेपा ठेवायच्या २४ कप्प्यांचा, एक ऑटोलोडर सेकंड हँड घेतला. हे मशीन टेपा स्वतःच ड्राइव्हमध्ये चढवतं-उतरवतं. आत टेप लिहिणारा-वाचणारा एलटीओ-६ चा (सहाव्या पिढीचा) एकच ड्राइव्ह आहे, एका टेपवर कॉम्प्रेशन न करता २.५ टीबी मावतं. मला इथे लिहायचंय ते मुख्यतः हे मशीन लिनक्सच्या टर्मिनलवरून हलवणाऱ्या एमटीएक्स या छोट्या प्रोग्रामबद्दल.

मशीनला ब्राउझरमधून उघडणारं कंट्रोल पॅनल आहे. एखाद-दुसरी टेप हलवायला ते ठीक. पण रात्रभर बॅकअप चालवायचा, एक टेप भरली की दुसरी चढवायची, तर प्रत्येक वेळी माऊस धरून कोण बसणार? एमटीएक्समध्ये तेच काम एका ओळीचं. 'लोड ५ ०' म्हटलं की पाचव्या स्लॉटमधली टेप ड्राइव्हमध्ये जाते. 'अनलोड ५ ०' म्हटलं की परत जागेवर येते. 'ट्रान्स्फर ७ २४' म्हटलं की सातव्या स्लॉटमधली टेप बाहेर काढायच्या खिडकीत येऊन थांबते. स्लॉटची मोजणी १ पासून, ड्राइव्हची मात्र ० पासून; नव्या माणसाला हे आधीच सांगून ठेवावं.

सगळ्यात जास्त वापर होतो तो 'स्टेटस'चा. पहिल्या ओळीत ड्राइव्ह किती, स्लॉट किती, त्यातले बाहेर काढायचे किती ते येतं. मग ड्राइव्हची ओळ: रिकामा आहे की भरलेला, भरलेला असेल तर कुठल्या स्लॉटमधून आलेल्या टेपने. त्याखाली एकेक स्लॉट, फुल की एम्प्टी, आणि फुल असेल तर टेपच्या पाठीवरचा बारकोड. आमच्याकडे २४ वा स्लॉट 'इम्पोर्ट/एक्स्पोर्ट' म्हणून दिसतो. भरलेल्या ड्राइव्हवर दुसरी टेप चढवायला सांगितली तर एमटीएक्स नकार देतं आणि आत कुठल्या स्लॉटची टेप आहे तेही सांगतं. भरलेल्या स्लॉटमध्ये टेप ठेवायला सांगितली तरी तसंच. हा स्पष्टपणा मला फार मोलाचा वाटतो.

जोडणीत दोन गोष्टी महत्त्वाच्या. आमचा ड्राइव्ह एसएएसचा (सर्व्हरला डिस्क-टेप जोडायच्या एका पद्धतीचा) आहे. ड्राइव्ह आणि टेप हलवणारा रोबोट एकाच केबलवर येतात, ड्राइव्ह एलयूएन (एकाच जोडणीवरच्या उपकरणाचा क्रमांक) ० वर आणि रोबोट १ वर. त्यामुळे सर्व्हरमध्ये साधं एचबीए कार्ड, म्हणजे नुसती जोडणी देणारं कार्ड, लावलं. अनेक डिस्क एकत्र करून चालवणाऱ्या 'रेड' कार्डाच्या भानगडीत पडलो नाही. जोडलेली उपकरणं दाखवणाऱ्या 'एलएसएससीएसआय' कमांडला 'जी' पर्याय दिला की रोबोट 'मीडियमएक्स' या प्रकाराने दिसतो आणि त्याच्यासमोर एसजी३ वगैरे नाव येतं. ते नाव स्क्रिप्टमध्ये घालू नका. सर्व्हर रीस्टार्ट झाला की आकडा बदलू शकतो. 'डेव्ह' मधल्या 'टेप' फोल्डरात 'बाय-आयडी' खाली सिरियल नंबरवरून बनलेली कायमची नावं असतात, ती वापरा.

दुसरी गोष्ट क्रमाची. टेपवर लिहिणं-वाचणं हे एमटीएक्सचं काम नव्हे. रिवाइंड करणं, पुढे नेणं, ड्राइव्हमधून सोडवणं यासाठी एमटी हा वेगळा प्रोग्राम आहे, आणि डेटा लिहायला आम्ही टार हा फायली एकत्र बांधणारा प्रोग्राम वापरतो. आमच्या मशीनवर आधी एमटीने 'ऑफलाइन' दिल्याशिवाय अनलोड होत नाही. ड्राइव्हने टेप धरून ठेवलेली असते आणि रोबोटला ती ओढता येत नाही. काही मशीन हे आपोआप करतात म्हणे, आमचं करत नाही. लोडनंतरही थांबावं लागतं. एमटीएक्सची कमांड संपली म्हणजे टेप ड्राइव्हच्या तोंडात गेली, एवढंच. त्यानंतर ड्राइव्ह टेप ओढून घेतो, ओळखतो, मग कुठे तयार होतो. आमची स्क्रिप्ट एमटीचं स्टेटस दर काही सेकंदांनी बघते आणि 'ऑनलाइन' शब्द दिसला की पुढे सरकते. बॅक्युला हे बॅकअपचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना यासाठी एमटीएक्स-चेंजर नावाची तयार स्क्रिप्ट मिळते. आमचं काम लहान, म्हणून स्वतःची लिहिली.

उन्हाळ्यातली एक रात्र सांगते. बॅकअप चालू असताना लाइट गेली, आणि जनरेटर लागेपर्यंत यूपीएसने मान टाकली. रात्रपाळीला आप्पा होते. त्यांचा फोन आला, "ताई, मशीन सुरू झालं, पण ड्राइव्हमधली टेप कुठली ते सांगत नाही."

"आप्पा, स्टेटस द्या आणि ड्राइव्हची ओळ वाचा."

त्यांनी वाचलं: फुल, अननोन स्टोरेज एलिमेंट लोडेड. म्हणजे टेप आत आहे, पण ती कुठून आली हे मशीन विसरलं. मग मी त्यांना स्लॉट वरपासून वाचायला सांगितले. सातवा एम्प्टी निघाला. आमच्या वहीत सातव्या स्लॉटसमोर टेपचा नंबर लिहिलेला होता, बाकी सगळ्या टेपा जागच्या जागी. आप्पांनी एमटीने ऑफलाइन दिलं, मग 'अनलोड ७ ०'. टेप जागेवर गेली आणि बारकोड वहीशी जुळला. सकाळी तीच टेप सुरुवातीपासून पुन्हा लिहिली. सगळी माहिती साध्या मजकुरात होती म्हणून फोनवर वाचून काम झालं. पॅनलमधल्या रंगीत चौकोनांचं वर्णन फोनवर कसं करणार?

एमटीएक्सची मर्यादाही इथेच कळते. बाजार समितीतल्या हमालाला पोत्यावरची खूण कळते, आत कापूस कुठल्या गावचा ते त्याला ठाऊक नसतं. एमटीएक्सचं तसंच आहे. टेपमध्ये काय आहे याची नोंद तुम्हीच ठेवायची. आम्ही प्रत्येक टेपला सहा अक्षरी नंबर देतो, मागे एल६, आणि त्याच नंबराने फायलींची यादी सर्व्हरवर, तिची एक प्रत कागदावर. बारकोडची लेबलं चांगल्या प्रतीची घ्या. फिकट लेबल वाचलं गेलं नाही तर स्लॉट फुल दिसतो, पण नाव नसतं, आणि मग सगळा डोलारा डळमळतो.

खान्देशातल्या उन्हाळ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इकडच्या लोकांना ते लागेल. मे महिन्यात जळगावात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. टेपा दीर्घकाळ ठेवायला १६ ते २५ अंश तापमान सांगितलेलं असतं, म्हणून टेपांच्या खोलीचा एसी आम्ही ऑफिसच्या एसीआधी दुरुस्त करतो. दुसरी प्रत धुळ्याला ठेवतो. तिथून आणलेली टेप लगेच मशीनमध्ये घालत नाही, एक दिवस खोलीत तशीच राहू देतो. आणि धूळ. एमटीएक्ससोबतच 'टेपइन्फो' नावाचा प्रोग्राम येतो. ड्राइव्हला सफाई हवी असेल तर तो टेपअलर्टमध्ये (ड्राइव्हच्या इशाऱ्यांत) 'क्लीन नाऊ' असं सरळ दाखवतो. आमची सफाईची टेप शेवटच्या आतल्या स्लॉटमध्ये, सीएलएनने सुरू होणाऱ्या बारकोडची. तो इशारा आला तरच लोड करतो. उगाच सफाई केली तर हेड झिजतं आणि सफाईच्या टेपचे ठरावीक वापरही वाया जातात.

ऑप्टिकल डिस्कच्या ज्यूकबॉक्सवरही (डिस्क आपोआप बदलणाऱ्या मशीनवर) एमटीएक्स चालतं. दोन्ही बाजूंनी लिहिता येणाऱ्या डिस्क उलट्या करून घालायला त्यात 'इन्व्हर्ट' हा पर्याय आहे. आमच्याकडे तसलं मशीन नाही, त्यामुळे त्याविषयी इतकंच.

प्रोग्राम जुना आहे. लिओनार्ड झुबकॉफ यांनी सुरू केला, पुढे एरिक ली ग्रीन यांनी वाढवला. आमच्या सर्व्हरवरची १.३.१२ ही आवृत्ती २००८ सालची आहे. देबियन, उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत एमटीएक्स याच नावाने पॅकेज मिळतं. एमटीसाठी एमटी-एसटी वेगळं घ्यावं लागतं. इतकं जुनं सॉफ्टवेअर बघून सुरुवातीला आमच्यातल्या काहींना धाकधूक होती. पण रोबोटला 'ही टेप उचल, तिथे ठेव' सांगायची एससीएसआयची (कॉम्प्युटर आणि अशा उपकरणांमधल्या संवादाच्या पद्धतीची) भाषा तीच राहिली आहे, आणि वर्षभरात एमटीएक्समुळे आमचं काम एकदाही अडलं नाही.

पुढचा ड्राइव्ह एलटीओ-७ घेणार आहोत. एलटीओ-८ मध्ये जागा जास्त, पण तो एलटीओ-६ च्या टेपा वाचत नाही. ७ वाचतो आणि लिहितोही. स्क्रिप्टमध्ये बदलावं लागेल ते फक्त ड्राइव्हचं नाव.