महिला क्रिकेट बघायचं की पुरुषांचंच बरं? दोन्ही बघणाऱ्याचं मत

२०२५ चा महिला वर्ल्ड कप भारताने जिंकला आणि तेव्हापासून एकच प्रश्न मला चार-पाच जणांनी विचारलाय, की बाबा फायनल बघितली, मजा आली, पण एरवीही बघण्यासारखं असतं का ते, का आपलं तेवढ्यापुरतंच? प्रश्न रास्त आहे. वेळ कोणाकडेच नाही, पुरुषांचं क्रिकेट वर्षभर इतकं चालू असतं की तेच बघून होत नाही, त्यात अजून एक कुठे घुसवायचं. मी दोन्ही बघतो. पुरुषांचं कळायला लागल्यापासून, आणि महिलांचं २०१७ च्या वर्ल्ड कपपासून, म्हणजे हरमनप्रीतने डर्बीला ऑस्ट्रेलियाला धुवून नाबाद १७१ काढले ना, तिथून. त्यामुळे 'दोन्ही आपापल्या जागी छान' असलं गुळमुळीत काही सांगणार नाही.

आधी फरक काय ते पटकन. पिच तेच, २२ यार्ड. बॉल मात्र हलका आणि किंचित लहान, पुरुषांचा साधारण १५६ ते १६३ ग्रॅम आणि महिलांचा १४० ते १५१. बाउंड्री पुरुषांची जास्तीत जास्त ९० यार्ड, महिलांची ७०. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, वनडेत पुरुषांना शेवटच्या दहा ओव्हरला पाच फिल्डर सर्कलबाहेर, म्हणजे पिचभोवतीच्या आतल्या गोलाच्या बाहेर, ठेवता येतात, महिलांना तेव्हाही चारच. सर्कलही लहान असतं. म्हणजे शेवटी शेवटी मैदानात मोकळी जागा जास्त, कॅप्टनचं डोकं जास्त तापतं आणि जिला गॅप काढता येतो तिचे हाल होत नाहीत.

आता स्पीड. इथे काही लपवाछपवी नको. पुरुषांचे फास्ट बॉलर ताशी १४०-१४५ किमीने टाकतात, बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरपर्यंत येतो, बाउन्सर कानाजवळून गेला की बघणाऱ्याचंही डोकं आपोआप मागे जातं. महिलांमध्ये ११० ते १२० हा चांगला स्पीड समजला जातो, साउथ आफ्रिकेच्या शबनीम इस्माइलने २०२४ च्या डब्ल्यूपीएलमध्ये, म्हणजे महिलांच्या आयपीएलमध्ये, १३२.१ चा बॉल टाकला तर केवढी बातमी झाली होती. त्यामुळे पहिल्यांदा लावलं की स्लो वाटतं, मलाही वाटलं होतं. तुम्ही क्रिकेट बघताच मुळी बुमराचा यॉर्कर नाहीतर स्टार्कचा पहिल्या ओव्हरचा इनस्विंगर बघायला, तर पुरुषांचंच बघा, त्याला पर्याय नाही. टेस्टचंही तेच. महिलांच्या टेस्ट बहुतेक चार दिवसांच्या असतात आणि मुळात होतातच किती, वर्षात बोटावर मोजण्याइतक्या. इकडे २०२५ ला भारत इंग्लंडमध्ये खेळला तेव्हा पाचच्या पाच टेस्ट पाचव्या दिवसात गेल्या, शेवटची ओव्हलला ६ रनांनी जिंकली. असलं काही महिला क्रिकेटमध्ये सध्या मिळणार नाही. महिलांच्या अॅशेसला, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सिरीजला, ते टेस्ट, वनडे, टी-२० सगळ्याचे मिळून पॉइंट मोजतात, आयडिया बरी आहे, पण पाच टेस्टच्या सिरीजची भूक त्याने भागत नाही.

पण स्पिन आली की मी सरळ पार्टी बदलतो.

पुरुषांच्या टी-२० मध्ये स्पिनर आता काय करतात, ९५ च्या स्पीडने फ्लॅट टाकतात, कारण बॉल वर दिला की बॅटर गुडघा टेकून स्टँडमध्ये पाठवतो, बॅट तशा, ताकद तशी. बॉलरचा दोष नाही, पण बघायला त्यात स्पिन कमी आणि डार्ट जास्त. महिलांमध्ये बॉल हवेत जातो. खरोखर जातो. डोळ्याच्या रेषेच्या वर चढतो, तिथे क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, बॅटर पुढे यायला निघते, अर्ध्यात कळतं की पोचत नाहीये, आता मागे जायचं का तसंच खेळायचं, तिचा मागचा पाय उचलला जातो आणि परत टेकतो, हे सगळं तुम्हाला टीव्हीवर घरबसल्या दिसतं, रिप्ले लागत नाही. २०२५ च्या वर्ल्ड कपमध्ये ऑस्ट्रेलियाची लेगस्पिनर अलाना किंगने साउथ आफ्रिकेविरुद्ध १८ रनांत ७ विकेट काढल्या ती बॉलिंग मिळाली तर बघा. लेगब्रेक हवेत आत येतो, पडून बाहेर जातो आणि बॅटर जिथे बॅट आणते तिथे बॉल नसतोच. इंग्लंडच्या सोफी एकलस्टनचं वेगळं, ती उंच आहे, तिचा बॉल चढतो, खेळणारीचा हात वर जातो. मला स्पिन कशी खेळतात हे इतकी वर्षं पुरुषांचं बघून जेवढं कळलं नव्हतं तेवढं इकडे दोन सीझनमध्ये कळलं, हे अतिशयोक्ती न करता सांगतो.

त्याला जोडूनच कीपर. पुरुषांमध्ये फास्ट बॉलरला कीपर पंधरा-वीस यार्ड मागे. महिलांमध्ये मीडियम पेसरला पुष्कळदा स्टंपला चिकटून उभ्या राहतात, म्हणजे बॅटरला क्रीजबाहेर उभं राहायची सोयच नाही. २०१७ च्या सेमीफायनलला इंग्लंडच्या सारा टेलरने नॅट सिव्हरच्या बॉलिंगवर साउथ आफ्रिकेच्या त्रिशा चेट्टीला लेगसाइडला स्टंप केलं होतं, मीडियम पेस, बॉल बॅटरच्या अंगाआड, कीपरला दिसतो तरी कसा देव जाणे. पुरुषांच्या मॅचमध्ये असलं क्वचित.

बॅटिंगला मात्र लोक चुकीची फूटपट्टी घेऊन बसतात. शंभर मीटरचा सिक्स शोधाल तर हिरमोड होईल. ताकद नाही असं नाही, वेस्ट इंडिजच्या डिआंड्रा डॉटिनने २०१० च्या टी-२० वर्ल्ड कपला ३८ बॉलमध्ये सेंच्युरी मारलीय, स्मृतीने २०२५ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध वनडेत ५० बॉलमध्ये मारली, शेफाली आणि रिचा घोष तर येतातच मारायला. पण बहुतेक रन टायमिंगवर आणि जागा बघून होतात. स्वीप इतक्या प्रकारे खेळतात की मोजत बसावं. म्हणून माझा सल्ला असा की सुरुवात टी-२० ने करू नका, वनडेने करा. टी-२० मध्ये ताकदीचा फरक सगळ्यात जास्त डोळ्यात भरतो, आणि वनडेत ज्या मधल्या ओव्हर, १५ ते ४०, पुरुषांच्या मॅचमध्ये आपण आंघोळ उरकायला वापरतो, त्याच इकडे सगळ्यात रंगतदार असतात.

आता वाईट काय तेही सांगतो. फिल्डिंग. कॅच सुटतात, आणि सोपे सुटतात. ती २०२५ ची सेमीफायनल, ऑस्ट्रेलियाचे ३३८, आपण चेस केले, जेमिमा नाबाद १२७, सगळ्यांना आठवतंय. पण ती ८२ वर असताना उंच उडालेला कॅच खुद्द अलिसा हीलीच्या ग्लोव्हजमधून पडला हेही आठवा. हीली म्हणजे जगातल्या उत्तम कीपरपैकी एक! आणि तीनच दिवसांनी फायनलला अमनजोतने साउथ आफ्रिकेच्या वोल्वार्टचा कॅच एकदा सोडला, दुसऱ्यांदा सोडला आणि तिसऱ्या वेळी पडता पडता एका हाताने धरला, तो कॅच हातातून निसटताना माझा श्वास बंद झाला होता कारण वोल्वार्ट १०१ वर होती आणि ती उभी असेपर्यंत मॅच आपली नव्हती. पुरुषांमध्ये तो कॅच पहिल्याच झटक्यात पकडला गेला असता आणि मी अर्ध्या मिनिटात विसरलो असतो, पण हा युक्तिवाद फार ताणत नाही, सुटलेला कॅच तो सुटलेलाच.

दुसरं म्हणजे एकतर्फी मॅच. टीममधलं अंतर मोठं आहे, ऑस्ट्रेलियाने वनडे वर्ल्ड कप सात वेळा जिंकलाय यावरून समजा. पण इथेही गंमत होते. त्याच वर्ल्ड कपमध्ये साउथ आफ्रिका इंग्लंडसमोर ६९ ला ऑलआउट झाली, किंगने त्यांना ९७ ला गुंडाळलं, आणि तीच टीम सेमीफायनलला त्याच इंग्लंडला १२५ रनांनी हरवून फायनलला आली. वोल्वार्टचे १६९, कॅपच्या ५ विकेट. लीगच्या दोन मॅच बघून कोणी त्यांना मोडीत काढलं असेल तर तो माणूस फसला.

जाता जाता, 'हे आत्ता पैशासाठी सुरू केलेलं फॅड आहे' म्हणणाऱ्यांसाठी. महिलांचा पहिला वर्ल्ड कप १९७३ ला झाला, पुरुषांचा १९७५ ला. वनडेतली पहिली डबल सेंच्युरी ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने १९९७ ला मारली, पुरुषांमधली पहिली सचिनची, २०१० ची. समोर डेन्मार्क होतं हे मान्य, पण आकडा तो आकडा. पैसा उशिरा आला एवढंच, आणि तो आल्यापासून थ्रो बाउंड्रीवरून सरळ कीपरच्या हातात यायला लागलेत हे मी दरवर्षी बघतोय.

वेळेचं गणित पण महिलांच्या बाजूने आहे, हे कोणी बोलत नाही. आयपीएल १० टीम, ७४ मॅच, दोन महिने. डब्ल्यूपीएल ५ टीम, २२ मॅच, महिन्याच्या आत खेळ खल्लास. आठवड्याभरात सगळ्या जणी ओळखीच्या होतात, कोण कुठे मार खाते, कोणाला शॉर्ट बॉल झेपत नाही हे पाठ होतं. ज्याला नोकरी सांभाळून एकच लीग नीट बघायचीय त्याने तीच बघावी. टेस्टवेड्याने पुरुषांचं सोडू नये. फास्ट बॉलिंगवाल्यानेही नाही. ज्याला पुरुषांच्या टी-२० मध्ये प्रत्येक मॅच सारखीच वाटायला लागलीय, कोणी किती सिक्स मारले एवढंच लक्षात राहतं, त्याने मात्र पुढची वनडे सिरीज पकडावी, एक मॅच पूर्ण, पहिल्या बॉलपासून. आणि स्पीडगनवर ११२ आला की नाक मुरडायच्या आधी जरा कीपर कुठे उभी आहे ते बघा.