आंब्याच्या गिऱ्हाइकांसाठी दुसरा नंबर: ॲप, क्लोन की बिझनेस?

देवगडहून पेट्या मागवून पुण्यात विकायच्या, तर घरचा नंबर वाटून चालत नाही. एकदा दिला की गणपतीतही ‘हापूस कधी येणार?’ सुरूच. व्हॉट्सॲपसाठी दुसरा नंबर हवा, दुसरा फोन नको. तुमचंही असंच काही असेल, तर माझा कल सांगतो.

फुकट नंबर देणारी ॲप लगेच बाद. गूगल व्हॉइसचा वैयक्तिक नंबर भारतात मिळत नाही, बाकीची देतात तो बहुधा +१ने सुरू होणारा, म्हणजे परदेशी. सदाशिव पेठेतल्या काकू +१वरून आलेल्या ‘पेटी तयार आहे’वर पैसे पाठवतील का? शिवाय वापर थांबला की तोच नंबर दुसऱ्याला जाऊ शकतो, आणि मग ओटीपीही त्याच्याकडे. त्यापेक्षा खरं सिम बरं. फक्त सीझननंतर त्याला विसरू नका. ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर हातचा जाऊ शकतो. सिम काढून कपाटात ठेवायची युक्तीही आता भरवशाची नाही. ज्या सिमवर खातं उघडलं ते फोनमध्ये असलंच पाहिजे, असे निर्देश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५मध्ये मेसेजिंग ॲपना दिले आहेत.

आता खरी निवड: एका फोनवर दोन नंबरांचं व्हॉट्सॲप चालवायचं कसं. शाओमीचं ‘ड्युअल ॲप्स’, सॅमसंगचं ‘ड्युअल मेसेंजर’ ही क्लोनची, म्हणजे त्याच ॲपची दुसरी प्रत चालवायची सोय ठीक आहे, पण क्लोनमधले फोटो फोनच्या वेगळ्या कप्प्यात जातात, ते शोधताना जीव जातो. २०२३पासून अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपमध्येच दोन खाती चालतात. दिसायला हे सगळ्यात सुटसुटीत, आणि दुसऱ्या नंबरवर दिवसाला चार मेसेज येत असतील तर खुशाल हेच घ्या.

माझं घोडं अडलं ते गॅलरीपाशी. सीझनमध्ये दिवसभर फोटोच पाठवायचे असतात: आढीतलं फळ, पेटीवरचा शिक्का, क्यूआर कोड. गॅलरीतून ‘शेअर’ केलं की, निदान माझ्या फोनवर, जे खातं शेवटचं उघडं होतं तेच समोर येतं. म्हणजे प्रत्येक फोटोआधी बघा, आत्ता आपण दुकानदार आहोत की भाचा. खातं बदला, मागे या, पुन्हा शेअर करा. हात आंब्याच्या चिकाने माखलेले असताना हे फारच होतं.

व्हॉट्सॲप बिझनेस मुळातच वेगळं ॲप, त्यामुळे शेअर करताना दोन निरनिराळी चिन्हं दिसतात आणि प्रश्न मिटतो. आयफोनवाल्यांनाही चालतं. भाव सांगणारं ठरावीक उत्तर, ‘पैसे आले’, ‘पोचवायचं बाकी’ अशी लेबलं, हे वरून मिळतं. खोट एकच, अँड्रॉइडवर दोन्ही ॲपचे बॅकअप गूगलच्या त्याच १५ जीबीतून जातात. म्हणून बिझनेसच्या बॅकअपमधून मी व्हिडिओ वगळलेत. सीझन संपला की मात्र ‘सध्या माल नाही’ हा आपोआप जाणारा मेसेज तेवढा लावून ठेवा.