बीपीसाठी वॉल सिट, हॅण्डग्रिप की सरळ चालणं?

बीपी वाढलं कळलं की घरात ज्याचा त्याचा सल्ला सुरू होतो, कोण म्हणतं चाल, कोण म्हणतं मीठ सोड, आणि हल्लीचं नवीन म्हणजे भिंतीला पाठ लावून हवेत खुर्चीसारखं बस. शाळेत मास्तर शिक्षा म्हणून करायला लावायचे तेच हे, आता त्याला वॉल सिट म्हणायचं एवढंच.

पण त्यात दम आहे. 2023 ला ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमधे 270 ट्रायल्स एकत्र करून बघितल्या, तर आयसोमेट्रिकने, म्हणजे न हलता स्नायू आवळून धरायच्या व्यायामाने, वरचा आकडा सरासरी 8.24 आणि खालचा 4 नी उतरला. चालणं-पळणं-सायकलवाल्या गटात हेच 4.49 आणि 2.53. आयसोमेट्रिकमधेही वरच्या आकड्याला वॉल सिट सगळ्यात भारी. म्हणून लगेच बूट माळ्यावर टाकू नका, वजन, शुगर आणि जिना चढताना लागणारी धाप याला चालण्याइतका उपयोग भिंतीचा नाही.

वेळेत मात्र वॉल सिट सरळ जिंकतं. 2 मिनिटं धरायचं, 2 मिनिटं आराम, असं 4 वेळा, आठवड्यातून 3 दिवस. म्हणजे एका दिवसाची 14 मिनिटं, आणि चालायला आठवड्याला 150 सांगतात. पण पहिल्या दिवशी 2 मिनिटं बसून दाखवा! मांड्या थरथरतात, तेव्हा आधी वरच टेकायचं, गुडघे कमी वाकवून, मग हळूहळू खाली.

गुडघे दुखत असतील तर हॅण्डग्रिप, म्हणजे मुठीत धरून दाबायचं साधन, तेही 2-2 मिनिटं 4 वेळा, पण पूर्ण ताकदीच्या साधारण 30 टक्केच दाबायचं. दुकानातल्या साध्या स्प्रिंगवाल्या ग्रिपवर हे 30 टक्के कळतच नाही, तिथेच घोळ होतो, मापाचा डिस्प्ले असलेली घ्या.

धरून ठेवलेलं असताना बीपी उलट वाढतं, सोडल्यावर रक्त जोरात वाहतं आणि रक्तवाहिन्या सैल पडतात, रोजच्या सवयीने फरक पडतो तो यातून. त्यामुळे श्वास अजिबात रोखायचा नाही, एक ते वीस मोठ्याने मोजत राहा, आपोआप चालू राहतो. आकडा 180/110 च्या आसपास असेल किंवा हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. गोळी मनाने बंद करायची नाही.

माझं मत विचाराल तर चालणं रोजचं आणि वॉल सिट एक दिवसाआड. दोन्ही जमणार नसेल आणि वजनही जास्त असेल तर चालणंच ठेवा. आणि बीपी मोजायचं ते व्यायामाच्या आधी, शांत बसून, व्यायाम संपल्या संपल्या धापा टाकत मोजलं तर उगाच घाबराल.