अक्कलदाढ काढल्यावर तिथे नवी दाढ बसवावी लागते का? राजारामपुरीतील एका दंत दवाखान्याचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांमध्ये दातांचे दवाखाने इतके आहेत की, निवड कशाच्या आधारावर करावी हेच कळत नाही. त्यांपैकी एका दवाखान्यात माझ्या मुलीची खालची डावी अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढली. शस्त्रक्रिया तर चांगली झालीच; पण हा अभिप्राय मी विस्ताराने लिहीत आहे तो विशेषतः तिथल्या डॉक्टरांनी दिलेल्या एका स्पष्ट सल्ल्यासाठी: काढलेल्या अक्कलदाढेच्या जागी सहसा नवी दाढ बसवावी लागत नाही.

मुलीची दाढ जबड्यात आडवी होऊन पुढच्या दाढेला टेकली होती. तिचा थोडासाच भाग वर आला होता आणि त्यावर हिरडीचा पापुद्रा राहिल्यामुळे खाली अन्नाचे कण अडकून वारंवार सूज येत असे. शेवटच्या खेपेला तर तोंड धड उघडेना. आधी ज्या दुसऱ्या एका दवाखान्यात आम्ही गेलो होतो, तिथे खर्चाच्या अंदाजपत्रकात दाढ काढण्याच्या खाली इम्प्लांटचीही, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायच्या कृत्रिम दाताचीही, रक्कम लिहिली होती आणि ‘जागा मोकळी ठेवली तर बाकीचे दात हलतील’ असे कारण दिले होते. मोकळ्या जागेची भीती कोणालाही पटते, त्यामुळे घरात सगळेच धास्तावले होते.

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, पडद्यावर लावला आणि त्या आडव्या दाढेवर बोट ठेवून विचारले, “काका, या दाढेनं आजवर एक घास तरी चावलाय का?” त्यानंतर त्यांनी जे समजावले ते प्रत्येक रुग्णाला कळायला हवे. चावण्याचा मुख्य भार सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली मोठी दाढ आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास येणारी दुसरी दाढ उचलतात. यांपैकी एखादी गेली तर मागची दाढ रिकाम्या जागेत कलते, समोरच्या जबड्यातली दाढ जोडीदार नसल्यामुळे लांबत जाते आणि चावाच बिघडतो. म्हणून तिथे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात), इम्प्लांट किंवा काढती कवळी यांचा विचार करावा लागतो. अक्कलदाढ मात्र रांगेत सर्वांत शेवटी असते. तिच्या मागे कलायला दातच नाही, हसताना ती दिसत नाही आणि तिच्यावाचून चावण्यात काही उणे पडत नाही. तिच्या जागी नवी दाढ बसवायची तर ती स्वच्छ ठेवणेही तितकेच अवघड, कारण ब्रश तिथवर नीट पोहोचत नाही.

अपवाद कोणते, हेही त्यांनी न विचारता सांगितले. पुढच्या दाढा पूर्वीच गमावलेल्या असतील आणि सरळ आलेल्या अक्कलदाढेवरच त्या बाजूचे चावणे चालू असेल, किंवा ब्रिजचा मागचा आधार म्हणून ती वापरलेली असेल, तर ती काढण्यापूर्वी नीट विचार करावा लागतो आणि काढल्यास त्या बाजूला चावायला काय उरते हे पाहावे लागते. आमच्या बाबतीत काळजी करायची ती दुसऱ्या दाढेची: आडव्या दाढेमुळे अडकलेल्या अन्नाने तिच्या मागच्या बाजूला कीड लागू लागली होती, आणि खरी वाचवायची होती ती हीच दाढ. शस्त्रक्रियेनंतर तिथे सिमेंट भरून ती वाचवली, हे मला इम्प्लांटच्या कितीतरी पटीने मोलाचे वाटते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेपूर्वी खालच्या जबड्यातून जाणारी नस एक्स-रेवर दोन बारीक पांढऱ्या रेघांमध्ये दाखवून, दाढेचे मूळ तिच्या जवळ असल्यास ओठ आणि हनुवटी काही काळ, क्वचित कायमची बधिर राहू शकते, हे डॉक्टरांनी सांगितले आणि मगच संमतीपत्रावर सही घेतली. मूळ नसेला अगदी चिकटलेले दिसले असते तर सीबीसीटी हा त्रिमितीय एक्स-रे काढावा लागला असता. इथे तशी गरज नव्हती, म्हणून तो काढायला लावला नाही. भुलीचे इंजेक्शन दिल्यावर हिरडी थोडी उघडून, आड येणारे हाड कोरून आणि दाढेचे तुकडे करून ते एकेक बाहेर काढले. मुलीला दुखले नाही, मात्र दाब आणि यंत्राचा आवाज जाणवत होता. तसे होणार हे आधीच सांगितलेले असल्याने ती घाबरली नाही.

नंतरच्या सूचना देताना घाई झाली नाही. जखमेवर गॉज दाबून धरणे, पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावणे, थुंकायचे नाही, स्ट्रॉने काही ओढून प्यायचे नाही, आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या चुळा दुसऱ्या दिवसापासून भरायच्या. यामागचे कारणही त्यांनी सांगितले: खड्ड्यात साकळलेले रक्त हीच जखमेची नैसर्गिक पट्टी असते, ते निघून गेले तर हाड उघडे पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. तंबाखू आणि मिश्री लावणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मुलगी मऊ भात, ताक आणि पेज यांवर राहिली, गालाची सूज हळूहळू उतरली. हिरडी काही आठवड्यांत भरून येते, आतले हाड भरायला मात्र काही महिने लागतात. तोवर तिथे खळगा जाणवला तर तो दात बसवण्याचा इशारा समजू नये.

उणिवाही नोंदवायला हव्यात. वेळ ठरवून गेलो तरी बराच वेळ ताटकळावे लागले, दवाखाना वरच्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, आणि सूचनांचा छापील कागद केवळ इंग्रजीत आहे. माझ्या आईसारख्या रुग्णाला त्याचा काय उपयोग? शुल्क शासकीय दंत महाविद्यालयांच्या तुलनेत बरेच जास्त आहे, हेही खरे. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर जवळ असणाऱ्यांनी तो पर्याय जरूर पाहावा. मात्र एक्स-रे, शस्त्रक्रिया आणि टाके काढणे यांचा मिळून एकच आकडा इथे आधी लिहून दिला होता आणि त्यात नंतर वाढ झाली नाही.

चारही अक्कलदाढा एकदमच काढून टाकाव्यात का, असेही आम्ही विचारले होते. त्रास नसलेली, निरोगी दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, असे त्यांचे मत पडले. ब्रिटनमधील आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २००० साली दिलेले मार्गदर्शनही याच स्वरूपाचे आहे. खालची जोडीदार गेल्यामुळे मुलीची वरची डावी अक्कलदाढ खाली लांबून गालाला किंवा हिरडीला लागू शकते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायचे आणि तसे झाले तरच ती काढायची, असे ठरले आहे. वरची दाढ काढली की नजर अधू होते, ही आईची शंका डॉक्टरांनी हसण्यावारी नेली नाही. दाताची नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी, हे कागदावर आकृती काढून त्यांनी तिला मराठीत समजावून सांगितले. वरच्या दाढेच्या तपासणीसाठी वर्षभराने या, त्याआधी गाल चावला जाऊ लागला तर लगेच या, असे सांगून त्या तपासणीचे शुल्कही त्यांनी पावतीमागे लिहून दिले आहे.