भाच्यांसाठी घेतलेला झटपट प्रिंटवाला कॅमेरा, चार दिवस वापरून

ताईकडे बऱ्याच महिन्यांनी राहायला चालले होते, भाच्यांसाठी काहीतरी न्यायचं होतं आणि बाहुल्या-पझल्सचा त्यांच्याकडे आधीच ढीग, म्हणून हा लहान मुलांचा कॅमेरा घेतला, फोटो काढला की लगेच कागदावर निघतो तो. मोठी सात वर्षांची, धाकटी चारची.

आधी फोटोच्या क्वालिटीचं सांगते कारण त्याच्यावरच लोक चिडतात. यात शाई नसतेच. दुकानात बिल मिळतं तसला थर्मल कागदाचा रोल असतो, माझ्यात ५७ मिमी रुंदीचा, उष्णता लागली की कागद काळा होतो, बस. करडा रंग वाटतो तो म्हणजे बारीक काळे ठिपके, कुठे दाट कुठे विरळ. उजेड कमी असला की माणसाच्या जागी डागच येतो. पण पोरींना काही फरक पडत नाही हो! कागद सरसर बाहेर येताना दोघींची डोकी एकमेकींवर आपटायची इतक्या जवळून बघायच्या.

पहिल्याच दिवशी माझी फजिती. रोल घातला आणि फोटो कोरा, परत कोरा, मोठी म्हणते "मावशी, तू बिघडलेला आणलास का?" मग लक्षात आलं की कागदाला एकाच बाजूने कोटिंग असतं आणि मी रोल उलटा बसवलाय. नखाने घासून बघायचं, जी बाजू काळी पडते तिच्यावर प्रिंट होतं. हे मॅन्युअलमध्ये कुठेही नाही.

रोल एक्स्ट्रा घ्याच. सोबत आलेला पहिल्याच संध्याकाळी संपला, कारण धाकटी नुसते आमचे गुडघे, खुर्चीचे पाय आणि स्वतःचं नाक काढत होती आणि प्रत्येकाची प्रिंट पाहिजे. घेताना बीपीए-फ्री लिहिलेले बघा, बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए, या कागदाच्या कोटिंगमध्ये वापरलं जाणारं, तब्येतीला अपायकारक मानलेलं रसायन, त्यावर युरोपियन युनियनने २०२० पासून थर्मल कागदात मर्यादा घातलीये. अर्थात फ्री म्हटलं तरी त्याऐवजी बरेचदा त्याचाच भाऊबंद बिस्फेनॉल एस असतो, त्यामुळे कागद तोंडात घालू द्यायचा नाही आणि खेळून झालं की हात धुवायचे. मेमरी कार्ड पण नखाएवढं, ते काढायचं-घालायचं काम मोठ्यांनीच करा.

आता मेन किस्सा. मोठीने आजीचा एक फोटो काढला, खरंच छान, आजी हसताना. तो कायम टिकावा म्हणून ताईने घरातल्या मशीनमध्ये लॅमिनेट करायला घातला आणि पलीकडून निघाली अख्खी काळी पट्टी. अहो, गरम लॅमिनेशन! कागद उष्णतेनेच काळा होतो हे दुपारी मीच सगळ्यांना शहाणपणाने सांगितलं होतं आणि रात्री मशीनसमोर मीच उभी, डोक्यात काही आलंच नाही. पोरगी आधी गप्प, मग विचारते "आजी कुठे गेली?" आणि जे भोकाड पसरलं... नशीब मूळ फोटो कार्डवर सेव्ह असतो, दोन मिनिटांत परत प्रिंट काढली, तेव्हा कुठे हुंदके थांबले. एवढ्या एका गोष्टीसाठी माझे एक्स्ट्रा मार्क.

एक स्टार मात्र कापणार, ते शटरच्या आवाजासाठी. बंद करायची सोयच नाही, सकाळी सहाला माझ्या तोंडावर कॅमेरा धरून खटॅक.

आणि एकच कॅमेरा नेऊ नका, दोघींत रोज मारामारी. शेवटी एकीने फोटो काढायचा, दुसरीने कागद फाडायचा असं ठरलं, ते कसंबसं चाललं. भिंतीवर ऊन येतं तिथे चिकटवलेले फोटो आता फिके पडायला लागलेत म्हणे, काल धाकटी व्हिडिओ कॉलवर दाखवत होती, "मावशी बघ, तुझे गुडघे पुसले गेले, परत ये."