कॅनरी घ्यावा का बजी? सांगलीतल्या घराचा विचार करून सांगतो

सरळ सांगायचं तर गाणं पाहिजे असेल तर कॅनरी, आणि घरात हात लावायला उतावीळ पोरं असतील तर बजी. कॅनरी म्हणजे गाण्यासाठी पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पक्षी. बजी म्हणजे आपल्याकडं बरेच दुकानदार लव्हबर्ड म्हणून देतात ते छोटे हिरवे-निळे पोपट. पैशाचा फरक मोठा आहे, गाणाऱ्या एका कॅनरीच्या पैशात बजीच्या दोन जोड्या तरी आरामात येतात, त्यामुळं घाई करू नका.

कॅनरी गळ्याची पिसं फुगवून गायला लागला की एकात एक ताना काढत बसतोय. मिरज एवढी जवळ, कानाला सुरांची सवय असलेलं माणूस घरोघर सापडतंय, अशा माणसाला बजीची दिवसभराची किचकिच ऐकवत नाही. पण गातो तो नर, मादी नुसती चिवचिव करते, आणि दोघं दिसायला सारखेच, म्हणून दुकानदार काहीही म्हणू दे, स्वतःच्या कानानं गाणं ऐकल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. बजीचं सोपं, चोचीवरचा नाकाचा भाग मोठ्या नराचा निळा, मादीचा तपकिरी (पांढऱ्या-पिवळ्या जातीत हे चालत नाही). आणि वर्षातनं एकदा पिसं गळतात तेव्हा कॅनरी महिना-दीड महिना, कधी दोन महिनेसुद्धा गप्प होतोय, आजारी पडला म्हणून घाबरू नका.

सोबतीचं बरोब्बर उलटं आहे. बजी थव्यातला पक्षी, एकटा ठेवला तर झुरतोय, जोडीच घ्या, लहानपणापासून वेळ दिला तर हातावर बसतात, काही तर शब्दपण बोलतात. कॅनरीला हात नको असतोय, लांबनं बघा आणि ऐका. नर एकटाच ठेवायचा, दोन नर एका पिंजऱ्यात टाकले की मारामारी ठरलेली, मादी सोबत दिली तर गाणंच कमी होतंय.

उन्हाळ्यात मात्र मी बजीला जास्त मार्क देईन. तो ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या रानातला आणि कॅनरी मूळचा अटलांटिक महासागरातल्या बेटांवरचा, आणि सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतोय. पंख अंगापासून सोडून चोच उघडी टाकून धापा टाकायला लागला की लगेच सावलीत गार जागी हलवा, अंघोळीला पसरट भांड्यात पाणी ठेवा, पण पंख्याच्या थेट वाऱ्यात नको. साताऱ्याला उन्हाचं जरा सोपं, पण तिकडं पावसाळ्यात दाणे दमट होऊन बुरशी धरतात ते बघायला लागतंय.

पिंजरा दोघांनाही उंचीपेक्षा लांबीला जास्त पाहिजे, दोन फुटाच्या खाली घेऊच नका, शोभेचा गोल पिंजरा तर बिलकुल नको. जागा स्वयंपाकघरापासून लांब. पक्ष्यांची फुफ्फुसं फार नाजूक, ब्रिटनच्या कोळसा खाणीत विषारी वायू कळावा म्हणून १९८६ पर्यंत कॅनरी नेत होते, मग तापून धुरावलेल्या नॉनस्टिक तव्यापुढं त्याचं काय होणार, जीव जातोय. उदबत्ती, धूप, डासांची कॉईलपण त्या खोलीत नको. आणि २०१९ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, पिंजरा एका हातानं उचलून वरच्या मजल्यावर नेता येईल असाच घ्या.

खाण्यात बजीला राळे-बाजरी चालतंय, बाजारात कुठंही मिळतंय. कॅनरीला कॅनरी सीडचं (त्याच्याच नावानं विकतात ते बारीक बी) मिक्स लागतंय, ते कायम कुठनं मिळणार हे आधी विचारून ठेवा. वर दोघांनाही धुतलेला पालक किंवा कोथिंबीर, अधनंमधनं उकडलेलं अंडं, आणि चोचीला व कॅल्शियमला समुद्रफेस. एक गोष्ट रोज करायची, दाण्याच्या वाटीवर फुंकर मारायची. वाटी काठोकाठ दिसते पण वर नुसती टरफलं असतात, खाली दाणा संपलेला असतोय आणि पाखरू उपाशी.

आयुष्य दोघांचंही नीट सांभाळलं तर आठ-दहा वर्षं. कायद्याची अडचण मिठू, मुनिया अशा आपल्या रानातल्या पक्ष्यांची आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते पाळणं गुन्हा, कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका.

आणि दोन्ही आवडले म्हणून एकाच पिंजऱ्यात ठेवायचा विचार असेल तर नको, बजीची चोच आकड्यासारखी, कॅनरीचा पाय सहज तोडतोय.